बोटीत जागा

सात आखूड भोंगे, मग एक लांबलचक. तो लांबलचक भोंगा छातीत घुमत होता तेवढ्यात आत्यानं माझा दंड धरला आणि विचारलं, "आपली सगळी एकाच बोटीत बसणार का गं?"

मी हो म्हणाले. खोटं नव्हतं ते. आम्हा चौदा जणांच्या कार्डांवर एकच अक्षर छापलेलं होतं, आणि त्या अक्षराच्या माणसांनी कुठल्या डेकवर, कुठल्या केशरी बोटीखाली जमायचं हे आम्ही जहाजावर चढायच्या आधीच ठरलेलं होतं. "बरं झालं," असं म्हणून तिनं दंड सोडला. आजूबाजूला कुणाचंच लक्ष नव्हतं. बॅलार्ड पिअरवर ऊन उतरत होतं. लाइफ जॅकेट कसं घालायचं ते एक मुलगी दाखवत होती आणि अर्धं पब्लिक तिच्याकडं पाठ करून मुंबईबरोबर सेल्फी काढत होतं. काकूंना जेवण किती वाजता सुरू होतं ते हवं होतं. माझी लेक भोंग्याची नक्कल करत होती. आत्या तेवढी सरळ उभी होती, पदर खोचून, काखेत प्लास्टिकची पिशवी दाबून, रेशनच्या रांगेत उभं राहावं तशी. घरी येऊन आता बरेच महिने झाले. गोव्याचे फोटो कुणी बघत नाही, समूहावर पुन्हा सुविचार सुरू झालेत. ते "बरं झालं" मात्र माझ्या मागं लागलंय ते लागलंयच.

खरं तर हा बेत थोरल्या काकांच्या पंचाहत्तरीचा. आमच्याकडं पंचाहत्तरी म्हणजे ठरलेला कार्यक्रम. कार्यालय, 75 दिव्यांची ओवाळणी, तुला गुळाची करायची की पुस्तकांची यावरून दोन भावांत आठवडाभराचा अबोला, जिलेबी आणि मठ्ठा. गणपतीत सगळे जमलेले असताना पुण्याच्या पुतण्यानं मोबाइल टीव्हीला जोडला आणि जहाज दाखवलं. मुंबई, गोवा, परत मुंबई. तीन रात्री. निळं पाणी, पांढरं जहाज, नाचणारी माणसं. काका म्हणाले, एवढ्या पैशात गावजेवण होईल. तेव्हा पुतण्या शांतपणे म्हणाला, "तीन दिवस घरातल्या कुणालाही स्वयंपाक नाही." त्या एका वाक्यावर घरातल्या झाडून सगळ्या बायका त्याच्या बाजूला गेल्या आणि काकांचं गावजेवण तिथंच आटोपलं.

पुढचे दोन महिने आम्ही जहाजावर जाण्याच्या तयारीत नव्हतो, खोल्या वाटण्यात होतो. लग्नातल्या जानवशासारखंच. जाहिरातीतला आकडा माणशी होता, तोही दोघांनी एक खोली धरून. त्यावर बंदराचं शुल्क, जीएसटी आणि नोकरमाणसांची बक्षिसी. बक्षिसी काम बघायच्या आधी कशी घेतात हे काकांना शेवटपर्यंत पटलं नाही. बिनखिडकीची खोली स्वस्त, गोल खिडकीची मधली, गच्चीवाली महाग. "बिनखिडकीच्या खोलीत झोपायचं तर घरचा माळा काय वाईट आहे?" काकू म्हणाल्या, आणि मग खिडकी कुणाला यावर धाकट्या वहिनी आणि मोठ्या वहिनी असं काही बोलल्या की ज्यात खिडकी हा शब्द एकदाही आला नाही. शेवटी असं ठरलं की काका-काकूंना गच्ची, पोराबाळांच्या आयांना खिडकी, बाकीचे आत. मला, लेकीला आणि आत्याला मिळून एक खिडकी.

पण आत्या येतच नव्हती. भांडण नाही, नाराजी नाही. शेंगा सोलता सोलता तिनं विचारलं, "मजेसाठी पाण्यात कोण जातं?"

यावर आम्ही कुणीच काही बोललो नाही. सांगलीत या प्रश्नाला उत्तर नाही. आमच्याकडं जुलै लागला की फोनवर पहिलं वाक्य "कसे आहात" नसतं, "किती झालं?" असतं. काय किती, ते विचारायचं नाही. आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका, हे पाढ्यासारखं पोरांनासुद्धा पाठ. कोयनेतून किती क्युसेक सोडलं, वारणा काय म्हणते, अलमट्टीवाले दारं उघडतायत का, यावर मारुती चौकातला चहावालासुद्धा तासभर बोलू शकतो, आणि पाटबंधारे खात्यात हयात घालवलेल्या माणसाइतकं ठासून बोलतो. पाणी आधी सूर्यवंशी प्लॉटात शिरतं, दत्तनगरात शिरतं, मग पुढं. कुणाच्या घरात कितव्या फुटाला येणार हे त्या त्या घराला माहीत असतं. आमच्या गावभागातल्या घराच्या भिंतीवर दोन खुणा आहेत. खालची 2005 ची, तिसऱ्या पायरीपाशी. वरची 2019 ची. ती दाखवायला हात वर करावा लागतो.

बोट म्हणजे आमच्याकडं दोन गोष्टी. एक, स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास कृष्णेत होणाऱ्या शर्यती, काठावर आरडाओरडा, सांगलवाडीची पोरं. आणि दुसरी, जी दारात येते.

शेवटी काकांनीच तिला फोन केला. ते फार बोलत नाहीत. "मला ओवाळणार कोण?" एवढंच म्हणाले. आत्या म्हणाली, "बघते," आणि आठ दिवसांनी नवीन चप्पल घेतली. म्हणजे येणार.

महालक्ष्मी एक्स्प्रेसनं निघालो. अर्धी रात्र पुरी-भाजीच्या वासात गेली, सकाळी मुंबई. बंदर स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर, पण चौदा माणसं आणि एकोणीस बॅगा म्हटल्यावर तीन टॅक्सी. तपासणीच्या पट्ट्यावर आमची अब्रू गेली. घरचं खाणं जहाजावर न्यायचं नाही, हे पुतण्यानं समूहावर चारदा लिहिलं होतं. ते सगळ्यांनी वाचलं होतं आणि प्रत्येकीला वाटलं होतं की ते बाकीच्यांसाठी आहे. भडंगाची पाच किलोची पिशवी निघाली. शेंगदाण्याची चटणी निघाली. काकूंच्या पर्समधून आलेपाक निघाला, तो मात्र औषध म्हणून सुटला. "नेऊन टाकणार की खाणार?" काकूंनी त्या पोराला विचारलं. तो बिचारा हसला. मला वाटतं, खाल्लं असावं. आत्याची प्लास्टिकची पिशवी उघडली तेव्हा मात्र मी बाजूला बघितलं. रेशनकार्ड, आधार, दोन पासबुकं, घरपट्टीची पावती, सगळं दुधाच्या पिशव्यांत गुंडाळून रबर लावलेलं. एक मेणबत्ती. काड्यापेटी. बॅटरी. मेणबत्ती आणि काड्यापेटी काढून घेतली, बॅटरी परत दिली. आत्यानं ती तिथंच पेटवून बघितली, चालते का, आणि मग आत ठेवली.

जहाज हे एखाद्या मोठ्या हॉटेलसारखं असतं असं सगळे सांगतात. मला ते जिल्ह्याच्या ठिकाणच्या मोठ्या लग्नासारखं वाटलं. सतत कुठंतरी जेवण चालू, सतत कुठंतरी गाणं, आणि आपलं कोण कुठं आहे ते कुणालाच ठाऊक नाही. गालिच्याला एसीचा गार, बंद वास. न्हाणीघरात बटण दाबलं की एवढ्या जोरात खेचून घेतं की काकू पहिल्या वेळेला ओरडत बाहेर आल्या. पहिल्या रात्री सगळ्यांनी इतकं खाल्लं की ते भुकेचं खाणं राहिलं नाही, वसुलीचं झालं. काका पाचव्यांदा ताट घेऊन उठले तेव्हा काकू म्हणाल्या, "बक्षिसी फिटली आता, बसा." चहा मात्र कुणाला आवडला नाही. गरम पाणी, दोऱ्याची पिशवी, पावडरीचं दूध. दुसऱ्या दिवशी वहिनींनी स्वयंपाकघरातल्या एका रत्नागिरीच्या पोराला हेरलं आणि त्याच्याकडून आल्याचा चहा उकळून आणला. तीन दिवसांत स्वयंपाक नाही, हे वचन तिथं मोडलं म्हणायला हरकत नाही.

पहिल्याच रात्री जेवणानंतर आम्ही वरच्या डेकवर गेलो. मुंबईचे दिवे मागं राहिले होते, मोबाइलची रेंज गेली होती, आणि पुतण्यासकट सगळी तरुण मंडळी ती शोधायला कठड्याकडं धावली होती. वारा खारट, चिकट. काकूंना त्यांचे वडील आठवले. रत्नागिरीहून मुंबईला ते बोटीनं यायचे, पण बोट किनाऱ्याला लागायची नाही; पडावात बसून खोल पाण्यात जायचं आणि लाटेवर पडाव वर आला की नेमकी त्या क्षणी शिडी धरायची. "आणि आपण बघा, लिफ्टनं आलो," त्या म्हणाल्या. काका अंधारात किनाऱ्याच्या दिशेनं बघत होते. त्यांची निम्मी नोकरी पोफळीला गेली, कोयनेच्या वीजघरात. बराच वेळानं घड्याळ बघून म्हणाले, "आता दाभोळच्या आसपास असणार आपण."

मग त्यांनी जे सांगितलं ते आम्ही लहानपणापासून तुकड्या-तुकड्यांनी ऐकलंय, पण समुद्रावर उभं राहून कधी ऐकलं नव्हतं. महाबळेश्वरला कृष्णा उगवते तिथून अरबी समुद्र जेमतेम 64 किलोमीटर. ही बाई त्याला पाठ दाखवून जवळजवळ 1400 किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. कोयनाही तशीच, कऱ्हाडला तिला मिळून तिच्याबरोबर पूर्वेला. पण कोयनेचं थोडं पाणी माणसांनी फिरवलं. धरणातून बोगद्यानं सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला, पोफळीला खाली उतरून टर्बाइन फिरवायचं, मग वाशिष्ठीत, आणि दाभोळच्या खाडीतून इथं. "म्हणजे या पाण्यात आपलंपण थोडं आहे," काका म्हणाले. आवाजात अभिमान होता. त्यांनी त्या पाण्याला दिशा दिली असावी इतका.

आत्या म्हणाली, "मग पुरात सगळंच इकडं का नाही सोडत?"

हा प्रश्न सांगलीतला प्रत्येक माणूस कधी ना कधी विचारतो, आणि काकांनी त्याचं उत्तर हजारदा दिलेलं आहे. बोगद्यातून जेवढं टर्बाइनला लागतं तेवढंच जातं. 105 टीएमसीचं धरण भरत आलं की वरून येणारं पाणी दारातूनच सोडावं लागतं, आणि दारं नदीकडं उघडतात. शिवाय सांगलीचा पूर काही एकट्या कोयनेचा नाही, वारणा आहे, कृष्णा स्वतः आहे, धरणांच्या खाली पडणारा पाऊस आहे. हे सगळं ते तोंडपाठ सांगू शकले असते. सांगितलं नाही. "तेवढी जागा नाही गं बोगद्यात," एवढंच म्हणाले. आत्यानं मान हलवली. जागा नसणं तिला समजतं.

जागा नसणं मलाही समजतं.

2019 च्या ऑगस्टात मी गावभागात गेले ती आत्याला आणायला. आम्ही विश्रामबागला राहतो, तिकडं पाणी येत नाही. शाळा बंद होत्या म्हणून लेकीलाही बरोबर घेतलं, पाच वर्षांची होती. आत्या निघेना. "दोन हजार पाचला तिसऱ्या पायरीवर थांबलं होतं. वर येत नाही." त्या आठवड्यात अख्ख्या सांगलीत हेच वाक्य घरोघरी बोललं गेलं असेल, 2005 ची खूण लोकांना लक्ष्मणरेषा वाटत होती. मी तासभर वाद घातला, मग तिनं पोहे केले, मग लाइट गेली, आणि पोहे खाऊन होईपर्यंत बोळात गुडघाभर पाणी होतं. दुसऱ्या दिवशी तिसरी पायरी गेली. आम्ही वरच्या मजल्यावर, खालच्या बिऱ्हाडातले आणि शेजारचे धरून अकरा जण. पुराचा आवाज येत नाही, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. टीव्हीत दाखवतात तसा घोंघावत येत नाही तो. रात्रभर शांतता, बेडूक, छपरावर अडकलेलं एक कुत्रं, आणि खालच्या स्वयंपाकघरात तरंगणारा रिकामा सिलिंडर भिंतीला थडकायचा. टण्ण. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टण्ण.

बोट आली ती 7 ऑगस्टच्या संध्याकाळी. रबराची. गॅलरीखाली येऊन थांबली, नळाच्या पाइपला धरून. चालवणारा पोरगा कुठला होता कोण जाणे, आवाज बसलेला, डोळे तांबारलेले. त्यानं बोटं दाखवली. आठ. आम्ही अकरा म्हणालो. तो पुन्हा आठ म्हणाला. पोरं, त्यांच्या आया, एक दिवस भरत आलेली सून, इन्सुलिनवाले आजोबा. माझी लेक सातवी, मी आठवी. लेक आहे म्हणून आई. नुसती मी असते तर नववी असते. आत्या म्हणाली, "जा तू." मी म्हणाले, "पुढच्या खेपेला ये." किती साधं वाक्य आहे. पुढची खेप दुसऱ्या दिवशी दुपारी चारला आली. आणि त्या दुसऱ्या दिवशी, 8 तारखेला, पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटली. आयाबाया, लेकरं गेली. ते ऐकलं तेव्हा मी विश्रामबागच्या कोरड्या हॉलमध्ये गरम चहा पीत होते आणि पहिला विचार आला तो त्या बसलेल्या आवाजाच्या पोराचा. तो आठवरून हलला नाही म्हणून आम्ही आलो. नऊ म्हणाला असता तर? आणि त्याच विचाराच्या पाठोपाठ, त्याला चिकटूनच: पण नववी आत्या होती.

पातळी नंतर 57 फुटांच्या वर गेली. पाणी ओसरलं, गाळ काढला, पंचनामे झाले, भिंतीवर खूण करून झाली. आम्ही त्या संध्याकाळबद्दल कधीच बोललो नाही. म्हणजे पुराबद्दल खूप बोललो, पाहुण्यांना सांगून सांगून त्याची गोष्ट झाली. पण गोष्ट सांगताना आम्ही दोघीही "मग बोटीनं बाहेर काढलं" असं म्हणतो. कुणाला, कधी, कितव्या खेपेला, ते वाक्यात येत नाही.

जहाजावर त्या पहिल्या रात्री मला जाग आली ती उजेडानं. खोलीत बॅटरीचा झोत फिरत होता. कपाटावर, दारावर, पुन्हा कपाटावर. जहाज थोडं डोलत होतं आणि कपाटातले हँगर एकमेकांना लागत होते. टक. मग काही नाही. मग टक. मी काही न विचारता उठले, कपाट उघडलं आणि हँगर काढून खाली गालिच्यावर ठेवले. आवाज थांबला. लेक गाढ झोपली होती. आत्या पलंगावर पाय खाली सोडून बसली होती, चप्पल घालून. "काय नाही," ती म्हणाली, "असंच बघितलं." गोल खिडकीबाहेर काळं पाणी, त्यावर जहाजाच्या दिव्यांचा पिवळा पट्टा. अंधारात बोलणं सोपं जातं, म्हणून मी विचारलं.

"तुला राग आला होता का गं माझा?"

"कशाचा?"

"मी गेले त्याचा. तेव्हा."

"पोर होतं तुझ्याकडं. मीच म्हणाले की जा." तिनं बॅटरी विझवली. बराच वेळ झाला, मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "बॅटरी तेवढी ठेवून जायची होतीस."

मला ती बॅटरी आठवतच नाही. लेक कडेवर होती, तिचं दप्तर गळ्यात, मोबाइल तोंडात धरला होता हे आठवतं. रबराचा वास, शेण आणि डिझेलचा वास, सगळं आठवतं. संध्याकाळ होती, उजेड होता, बॅटरी मी कशाला घेईन? पण ती आमच्याकडं आहे. आजोबांची तीन सेलची स्टीलची बॅटरी, विश्रामबागच्या घरी टीव्हीखालच्या कप्प्यात, इतकी वर्षं. मला वाटायचं आत्यानंच कधीतरी पाठवली. म्हणजे त्या रात्री वर तिघं होते, ती आणि शेजारचे दोघे बाप्ये, आणि उजेड मी घेऊन गेले होते. तिला माझ्या जाण्याचं काही वाटलं नव्हतं, किंवा वाटलं असेल तरी ते तिनं स्वतःशी मिटवलं होतं. मिटलं नव्हतं ते हे. मी इतकी वर्षं भलत्याच गोष्टीची टोचणी बाळगून होते आणि खरी गोष्ट माझ्या टीव्हीखाली होती. मी "हो गं" म्हणाले. आणखी काय म्हणणार? ती आडवी झाली आणि दोन मिनिटांत घोरायला लागली. मी जागीच.

गोव्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मोरमुगावला उतरून बसनं फिरलो, देऊळ, चर्च, काजू. गोवा आम्ही घाटानं दहादा बघितलेला. समुद्राकडून गेलं म्हणून काजू स्वस्त होत नाहीत. परतीचा दिवस मात्र अख्खा पाण्यावर. त्या दिवशी सकाळी आत्या गायब. शोधलं तर बाहेरच्या डेकवर, मान वर करून टांगलेल्या केशरी बोटी मोजत होती. एका अंगाच्या मोजून झाल्या होत्या, दुसऱ्या अंगाला निघाली होती. बोटीवर किती माणसांची ते लिहिलेलं असतं, ते तिनं पुतण्याकडून वाचून घेतलं, आणि जहाजावर माणसं किती ते चहावाल्या रत्नागिरीकराकडून काढून घेतलं. ती बोटांच्या पेरांवर गुणाकार करत होती. पुतण्यानं सांगितलं, आत्याआजी, पांढरी पिंपं दिसतात ना, त्यांतपण तराफे आहेत, पाण्यात पडले की फुगतात. मग त्याला चेव आला आणि त्यानं टायटॅनिक काढलं. 1912 साल, दोन हजारांवर माणसं आणि बोटींत जागा 1178 जणांना. त्यानंतर नियम झाले. आणि परवाची ती भोंग्याची कवायत, तीसुद्धा इटलीजवळ 2012 साली कोस्टा कॉन्कॉर्डिया आडवी झाली त्यानंतर कडक झाली. आता जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्या सुटल्या घ्यावीच लागते. आत्यानं सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे बुडाल्यावर मोजतात," ती म्हणाली, आणि उरलेल्या बोटी मोजायला पुढं गेली.

पंचाहत्तरी त्याच संध्याकाळी. 75 दिवे लावायचे होते, पण जहाजावर उघडी ज्योत चालत नाही, एक काडीसुद्धा नाही. जेवणघरातल्या मुलीनं सेलवर लुकलुकणारे प्लास्टिकचे दिवे आणून दिले, मनापासून आणले होते, गुलाबी रंगाचे. आत्यानं ते बाजूला सारले. "त्यानं औक्षण होतं का?" खोलीत जाऊन आली, स्टीलच्या ताटलीत हळद, कुंकू, सुपारी, काकूंची अंगठी मांडली आणि मधोमध आपली बॅटरी उभी केली, पेटवून, झोत वर. पोरं फुटायच्या बेतात. वहिनींनी डोळे वटारले. काका टोपी घालून बसले, आत्यानं ओवाळलं, आणि दर फेऱ्याला काकांच्या चेहऱ्यावरून उजेड गेला की छतावर एक मोठा गोल सरकायचा. काका रडले. हसून की कसे ते सांगता येत नाही. मी ते सगळं बघत होते आणि मला त्या बॅटरीकडं बघवत नव्हतं.

घरी आल्यावर मी आजोबांच्या बॅटरीचे सेल बदलले. द्यायला जायचं जायचं म्हणत दिवस गेले. काय म्हणून देणार? मग पाऊस लागला.

परवा संध्याकाळी पातळी 38 झाल्यावर मी फोन न करता स्कूटर काढली. रेनकोटाच्या खिशात बॅटरी, ती चालवताना सारखी मांडीला लागत होती. मारुती रोडवर दुकानदार खालच्या फळ्या रिकाम्या करत होते, कुणी घाईत नव्हतं, रोजचंच काम असल्यासारखे. बोळात अजून नुसतंच पावसाचं पाणी. आत्याचं दार उघडं होतं. प्लास्टिकची पिशवी दाराशी खिळ्याला टांगलेली, खालचं धान्य वर नेलेलं, गॅसचा सिलिंडर माळ्याला दोरीनं बांधलेला. म्हटलं, चल. "अजून सात फूट आहे," ती आतून म्हणाली. "उद्या बघू." मी काही वाद घातला नाही. बॅटरी काढून फ्रिजवर ठेवली, तिच्या बॅटरीशेजारी. तिनं बघितलं. काही बोलली नाही. "आमटी टाकलीय," म्हणाली, "जेवून जा."

मी तिसऱ्या पायरीवर बसले. बोळाच्या तोंडाशी छत्री घेऊन उभ्या असलेल्या पोरांपैकी एकजण मोबाइल बघून ओरडला, "39!" आत कुकरची शिट्टी झाली. आत्यानं तांदूळ दोघींचा टाकला होता की तिघींचा, ते मला बाहेरून कळेना. मी लेकीला फोन लावला, म्हटलं दार नीट लावून घे, बाबा येतील, मी आज इथंच राहते.